राखणदार

आठ वर्षांचा होतो तेव्हा
चर्चच्या पायरीवर मी पायताणं राखायचो.
बरीचशी आमच्या सुभाषनगरातच शिवलेली.
वेणी बघून कळायचं, कुणाच्या हातची,
करकर ऐकून कळायचं, कोण उशिरा आलं.

आत पाळक सकटे सांगायचे एका तरुणाची गोष्ट.
दगड मारायला हात मोकळे हवेत म्हणून
माणसांनी अंगरखे उतरवले
आणि ठेवले त्याच्या पायांशी.
त्याने एकही दगड उचलला नाही.
तो राखत बसला नुसता.

मला तो आवडला.
माझ्यासारखाच कामाचा पोरगा.

पुढे तोच फिरला, तोच मार खाऊ लागला.
गावोगाव तंबू शिवत हिंडायचा,
म्हणजे आपल्यातलाच, असं बाबांचं मत.
आरी, रापी, मेण लावलेला दोरा.
"कातडं ओळखणारा माणूस," बाबा म्हणायचे,
"म्हणून त्याला कळलं,
कातडं कापून देव जवळ येत नाही."

मग एवढ्याशा बोलण्यापायी
चाबूक? दगड? कोठडी?

बाबा बाभळीच्या सालीच्या पाण्यात
कोपरापर्यंत हात घालून बसलेले.
"एवढंसं नव्हतं रे ते.
परक्या राजानं सुंतेवर बंदी घातली होती मागं,
तेव्हा आया मेल्या, तान्ही पोरं गळ्यात बांधलेली.
जे असं रक्त देऊन राखलं
ते कुणी येऊन एका वाक्यात बाजूला ठेवलं,
विश्वास पुरे म्हणाला,
तर राखणाऱ्यानं आपल्या दोन हातांचं काय करायचं?
वर रोमी सरकार. जुन्या धर्माला सूट होती,
ह्या अर्ध्यामुर्ध्या नव्यांना कुणी विचारलं, तुम्ही कुणाचे,
तर कुंपणासकट शेत जायचं."
थोडं थांबून, चामडं पिळत,
"आणि दारच उघडं राहिलं
तर राखणदाराला विचारतो कोण?"

सत्तूआजा बाप्तिस्मा घेऊन परतला
त्या दिवशी सख्ख्या भावानं
पाण्याचा डेरा उचलून आत नेला.
आज्यानं कुणाचं काही घेतलं नव्हतं.
म्हाईच्या बकऱ्याची वर्गणी तेवढी दिली नव्हती.

आता मी मंडळीचा वडील.
कोट घालतो. यादी माझ्या खिशात असते.

गेल्या प्रभुभोजनाला हौसाक्का पुढं आली.
चार महिने मागच्या बाकावर बसणारी.
कपाळावर जोतिबाचा गुलाल,
तो का एका धुण्यात निघतो?
ओंजळ पुढं केली.
"माझाबी हाय की विश्वास. दे तुकडा."

यादीत नाव नव्हतं.
मी हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणालो,
"आधी कपाळ धुऊन ये, आक्का.
मग वर्ग. मग नाव. मग बघू."

कुणी ओरडलं नाही.
मागं कुणीतरी खोकलं, एक बाक करकरला.
मी खाली बघितलं, उगीच,
माझ्या बुटांशी काही ठेवलंय का ते.
सगळ्यांचे हात मोकळे होते.

"बरं," म्हणाली ती,
आणि ओंजळ तशीच धरून,
जणू तिच्यात काहीतरी सांडण्याजोगं आहे,
बाहेर गेली. अनवाणी.

तिची पायताणं अजून पायरीवर आहेत.
माझ्याच हातची.
डाव्या अंगठ्याचा टाका उसवलाय.
रात्री कुत्री ओढतील म्हणून मी आत घेतो,
सकाळी पुन्हा बाहेर ठेवतो,
कारण ती आत राहू द्यायची की नाही
ते कमिटीनं अजून ठरवलेलं नाही.